रांगेतला चौथा

चौकीसमोरचा न्हावी प्रत्येक ओळख परेडीत एका चहावर रांग भरायला चौथा उभा राही. आज खरा आरोपी रांगेत दुसरा उभा होता.

खून पाहिलेल्या आजीबाईंनी थेट न्हाव्याच्या खांद्यावर हात ठेवला. फौजदार हसले. “अहो आजी, हा आमची दाढी करतो!”

दुसऱ्या साक्षीदारानेही न्हावीच धरला. आता कुणी हसले नाही.

“साहेब, त्या दिवशी मी तापानं घरी पडून होतो. बायको बाहेर डबा घेऊन आलीय, तिलाच विचारा!” न्हावी घोगऱ्या आवाजात म्हणाला.

बायको आत आली. तिने सगळे चेहरे सावकाश न्याहाळले आणि दुसऱ्या जागेवरच्या आरोपीचा दंड धरला.

“अहो, चला ना घरी. डबा गार झाला.”

“येतो साहेब,” आरोपी न्हाव्याच्या घोगऱ्या आवाजात म्हणाला.

न्हाव्याने तोंड उघडले. आवाज फुटेना.