भाचीचं मागणं

"दोऱ्यानं माझे पाय तपासणार?"

सेवानाया असा गरजला की भर दुपारी नीरफणसावरची वटवाघळं उडाली. पलीकडे खड्ड्यात सकाळपासून दगड तापत होते. चार वाजता हॉटेलातले पाहुणे जमणार, आणि विस्तवावरून चालणाऱ्यांचा हा म्होरक्या सगळ्यांच्या आधी दगडांवर उतरणार. त्यासाठी चौदा दिवस तो नारळाला शिवला नव्हता, बायकोकडे फिरकला नव्हता. चहातली पाच चमचे साखर तेवढी सुटली नव्हती. देव साखरेबद्दल काही बोललाच नव्हता.

त्याच्या पूर्वजाला ज्या देवानं विस्तव बक्षीस दिला, तो यंदा जास्तच प्रसन्न होता. पूर्वी दगड निदान कोमट लागायचे. यंदा काहीच लागत नव्हतं. सेवानायानं हे बेंगा बेटावर घरोघर सांगितलं, आणि शेवटच्या घरी पोचेपर्यंत दगड चक्क गार झाले होते.

ते ऐकूनच त्याच्या बहिणीची मुलगी, दवाखान्यातली नर्स लोसालिनी, पहिल्या होडीनं आली होती.

"डोळे मीट, मामा. तळव्याला दोरा टेकला की 'हो' म्हण."

त्यानं डोळे मिटले आणि थोड्या थोड्या वेळानं ठणकावून 'हो' म्हणत राहिला.

"सात वेळा हो म्हणालास," ती म्हणाली. "सातही वेळा दोरा माझ्या दातांत होता. टेकवला दहा ठिकाणी. तेव्हा गप्प बसलास."

"पोरी, ही देवाची देणगी आहे."

"मधुमेहाची आहे. तोमासीमामालाही देवच वाटला होता. कुठाय आता त्याचा पाय? तुझ्या पायाला अजून ओरखडासुद्धा नाही, म्हणून आज आलेय. सडल्यावर बोलवू नकोस मला."

"म्होरक्यानंच माघार घ्यायची? गावात तोंड कसं दाखवू?"

"मग नर्स राहू दे. भाची म्हणून मागते."

सेवानायाच्या कपाळाची शीर उडायला लागली. बहिणीच्या लेकरानं एखाद्या वस्तूवर हात ठेवून ती मागितली, की मामाला नाही म्हणता येत नाही. गेल्या वर्षी हिनं असंच त्याच्या होडीचं इंजिन नेलं होतं.

"डुक्कर ने. दोन्ही ने."

"पाय हवेत. आजपासून ते माझे. दगडांवर जाणार नाहीत."

"तुझं तोंडही बघायचं नाही मला." त्यानं डोळे गच्च मिटून घेतले. "पण माग. रीतीनं माग. हात ठेव आणि माग."

तो वाट बघत राहिला. खड्ड्यात एक दगड तडकला.

"ठेव की हात. आता का घाबरलीस?"

त्यानं डोळे उघडले.

लोसालिनीनं त्याचं पाऊल दोन्ही हातांनी आवळून धरलं होतं, बोटांची पेरं पांढरी पडेस्तोवर.