बुधवारपासून पाऊस

डंपावरून भरून निघालेला पहिला टिप्पर वळणावर दिसला, तशी विनोदिनीने घरातून उचलून आणलेली कदेल, म्हणजे लाकडी खुर्ची, रस्त्याच्या मधोमध टेकवली आणि पदर खोचून तिच्यावर बसली.

टिप्पर करकचून थांबला. मागून आलेला धुरळा तिच्या अंगावर उतरला. काचेमागे तिचाच मुलगा होता.

"आये, खुळी झालंस काय?" साईशने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"सकाळी रेडिओ आयकलंस मां? या आठवड्यात, बुधवारपासून, उत्तर गोव्यात विजांच्या गडगडाटासह जोरदार सरी." रेडिओवरची बाई बोलते तशा शुद्ध मराठीत तिने ते म्हणून दाखवलं. "आज सोमवार. चर उपसल्याबगर एक गाडी हंयसून खाली जावची नाय."

खाणीतून काढलेल्या मातीचा डोंगर, म्हणजेच तो डंप, वाड्याच्या डोक्यावर उभा होता. त्याच्या पायथ्याचा चर गाळाने भरून रस्त्याच्या बरोबरीला आला होता. गेल्या पावसात त्यावरून तांबडा चिखल थेट कुळागरात उतरला, पोफळी आडव्या झाल्या, विहिरीचं पाणी अजून लाल येत होतं. शिगम्यापासून वाड्यावरची माणसं कंपनीच्या ऑफिसात खेपा घालत होती आणि "उद्या पोकलेन पाठवतो" एवढं ऐकून परत येत होती.

"आये, माजी नोकरी जातली."

"जातली तर जातली. उठूचंय नाय मी."

मागे टिप्परांची रांग लागली. हॉर्न वाजायला लागले. सगळ्यांत जोरात नारायण वाजवत होता. सावंतवाडीकडचा माणूस, जेवढ्या खेपा तेवढी मजुरी. तो खाली उतरून ओरडत पुढे आला, पण कदेलीवर कोण बसलंय ते पाहून थबकला. गेल्या मे महिन्यात ताप भरला तेव्हा याच बाईने त्याला घरात निजवून पेज पाजली होती.

एवढ्यात मॅनेजरची जीप आली. मॅनेजर तरुण होता, बोलायला गोड.

"मावशी, हवामान खात्याचं काय मनावर घेता? ते पाऊस म्हणतात तेव्हा ऊन पडतं. जून लागू दे, चर आपण सावकाश उपसू."

"पाऊस येवचो नाय म्हणतास?"

"मुळीच नाही."

"मगे चार दिसांपसून रातदीस टिप्पर कित्याक धांवडायतास? माल बंदरार पावताना भिजात म्हणून मां? तुमच्या मातयेक पाऊस पडता, आमच्या घरार पडना?"

रांगेत कुणीतरी मोठ्याने हसलं. मॅनेजरचा चेहरा उतरला आणि गोडवाही. तो साईशकडे वळला.

"तुझी आई ना ही? बाजूला कर तिला. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

साईशने डोकं आत घेतलं आणि स्टीअरिंग धरलं. इंजिन चालूच होतं. त्याची धग विनोदिनीच्या गुडघ्यांना लागत होती. तिने कदेलीच्या कडा घट्ट धरल्या. मुलगा पोटचा असला तरी त्याचं लग्न ठरलं होतं, मुलीकडच्यांनी नोकरी बघूनच हो म्हटलं होतं. तो काय करील ते तिला खरंच ठाऊक नव्हतं. तिने डोळे मिटले नाहीत, एवढंच.

इंजिन बंद झालं.

साईश उतरला. टिप्परची चावी त्याने मॅनेजरच्या हातात ठेवली आणि येऊन आईच्या पायांशी, तापलेल्या रस्त्यावर बसला. विनोदिनीने त्याच्याकडे पाहिलं नाही. तिने कदेल जराशी सरकवली, आपली सावली त्याच्या डोक्यावर पडेल अशी.

मग नारायणने मागे जाऊन आपल्या टिप्परचं इंजिन बंद केलं. त्याच्या मागच्याने केलं. एकेक करत सगळी रांग गप्प झाली.

"पोकलेन बोलवा सायबानूं," नारायण पुन्हा पुढे येत म्हणाला. "आमचांय पोट हयच अडकलां हा."

दुपारी शेजारची रुक्मिणी पेजेचं भांडं घेऊन आली. ती परत गेली नाही. सावली बघून तिथेच बसली. वाड्यावरच्या आणखी बायका आल्या. उन्हं कलता कलता पोकलेन आला. विनोदिनीने कदेल उचलली, चराच्या काठावर नेऊन ठेवली आणि गाळाचा शेवटचा ढीग निघून चर खालच्या व्हाळाला मिळेपर्यंत ती तिथून हलली नाही.

दुसऱ्या दिवशी साईशच्या टिप्परवर दुसराच कुणी होता.

बुधवार आला. आभाळ कोरडं ठणठणीत. गुरुवारी, शुक्रवारीही कुठे ढगाचं चिरगूट नाही. अंगणात वाळत घातलेली कोकमाची सोलं कडकडीत झाली. वाड्यावर एकदोघांनी तोंडावर नाही, पण आडून बोलून घेतलं, की म्हातारीने रेडिओच्या नादाने सोन्यासारखी नोकरी घालवली. साईशने ते ऐकलं. तो घरात फारसा बोलत नव्हता. दिवसभर कुळागरात पडलेल्या पोफळींच्या जागी खड्डे मारत राही.

शनिवारी जीप अंगणासमोर थांबली. मॅनेजरने आत बसूनच हाक मारली.

"काय मावशी, पाऊस कुठे आहे तुमचा?"

विनोदिनी सोलं परतत होती. तिने मान वर केली नाही.

"येतलो. त्याका वायच उशीर जालो म्हणून चर खंय पळना."

कुळागरातल्या कुदळीचा आवाज थांबला. मग पोफळींआडून साईशचं हसू ऐकू आलं, आधी दबलेलं, मग न दबणारं.