वाचकांचा उदंड प्रतिसाद

कबनूरच्या भाऊसो कांबळ्यांनी वार्तापत्राचा जुना अंक ग्रंथालयातल्या टेबलावर उलगडला आणि तिसऱ्या पानावर बोट ठेवलं.

"हितं छापलंय न्हवं, सर? मग पोरीला का घावंना?"

पृथ्वीराजसरांनी चष्मा लावला. खरं तर वाचायची गरज नव्हती, बातमी त्यांचीच होती. 'भाऊसो कांबळे यांनी चाळीस वर्षे जमवलेला चळवळीच्या पुस्तिकांचा संग्रह विद्यापीठ ग्रंथालयात खुला झाला असून त्यास वाचकांचा उदंड प्रतिसाद लाभत आहे.' अंक दीड वर्षापूर्वीचा.

सर ग्रंथालय मित्र मंडळाचे चिटणीस, वार्तापत्रही मंडळाचंच. छापखाना महिनाभर आधी मजकूर मागायचा, म्हणून सर बातमी आधी लिहीत आणि काम मागाहून उरकत. बहुतेक वेळा उरकायचंही. माणूस खोटा नव्हता, घाई मात्र दांडगी.

आजही घाईच होती. अकराला वरच्या सभागृहात नव्या अंकाचं प्रकाशन होतं आणि पावणेअकरा वाजून गेले होते.

"कार्डं नीट पाहिलीत का हिनं?"

"तीन दिवस तेच करतीय, सर," भाऊसोंची नात संघप्रिया म्हणाली. ती एम.फिल. करत होती. "एक बी कार्ड न्हाय. जलशाच्या गाण्यांची वही पायजे मला. आठ दिवसांत प्रबंध द्यायचाय."

"हातानं लिवलेली हाय ती," भाऊसो म्हणाले. "दुसरी प्रत न्हाय कुठं. घरात वाळवी लागंल म्हणून तुमच्याकडं दिली."

"बाइंडिंगला गेली असेल," सर म्हणाले.

"दीड वर्स?"

सर घड्याळाशी चाळा करू लागले. तेवढ्यात सभागृहाच्या किल्ल्या घ्यायला आलेला शिपाई केरबा मध्येच बोलला, "ह्यांच्या पुस्तकांची पोती जिन्याखाली हायती की, सर. तुमीच ठीव म्हणला हुतासा."

जिन्याखालच्या खोलीचं दार स्प्रिंगचं होतं, सोडलं की आपोआप मिटायचं. केरबानं ते ढकलून धरलं. आत सहा पोती एकावर एक, वर धुळीचा थर. होल्डर होता, बल्ब नव्हता. भाऊसो वाकले. त्यांनी पोत्याच्या तोंडावर हात फिरवला आणि तसेच थांबले.

"गाठ माजीच हाय."

सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. केरबानं खिशातून ब्लेड काढलं.

"कापू नगंस," भाऊसो म्हणाले. तीस वर्षं मागावर तुटलेले धागे जोडणाऱ्या बोटांनी गाठ दोन झटक्यांत सोडली. वही चौथ्या पोत्यात मिळाली. भाऊसोंनी ती धोतराला पुसून नातीच्या हातात दिली.

"घरी न्हेऊ?" संघप्रियानं विचारलं.

"दाखल न्हाय ते पुस्तक घरी देत न्हाईत," केरबा म्हणाला. "आन आत आल्यालं पुस्तक नोंद केल्याबिगर भाईर सोडत न्हाईत."

नियम बरोबर होता. फाटकावरचा नियमांचा फलक मंडळानंच दिला होता.

संघप्रिया वाद घालत बसली नाही. तिनं एक पोतं ओढलं, त्यावर बसली, वही मांडीवर उघडली आणि पेनाचं टोपण काढलं. केरबाचा हात सुटला, दार मिटलं, आत अंधार झाला. त्यानं घाईनं दार पुन्हा उघडलं आणि ते अडवायला एक पोतं पायानं सरकवू लागला.

"पोतं नगं लावूस त्याला," भाऊसो म्हणाले. "सर हायत की."

आवाज चढलेला नव्हता. सरांनी एकवार जिन्याकडं पाहिलं.

"सर, दार धरा जरा," भाऊसो म्हणाले. "वाचक बसलाय."

केरबा किल्ल्या घेऊन वर पळाला. सर दाराला खांदा लावून उभे राहिले. उजेडाचा पट्टा बरोबर वहीवर पडला. भाऊसो पाचव्या पोत्याची गाठ सोडायला लागले. वर ध्वनिक्षेपक खरखरला आणि मंडळाच्या चिटणिसांनी मंचावर यावं असा पुकारा झाला. थोड्या वेळानं पुन्हा झाला.

संघप्रियानं पान उलटलं.