चाकाचा एक फेरा

या, जरा जवळ सरका. मागं भिंतीला टेकलेल्यांनीही पुढं यावं. ही गोष्ट ओरडून सांगवत नाही. चाकाच्या एका फेऱ्याएवढीच आहे. मन लावून ऐका.

शिक्रापूरला हायवेच्या कडेला पोपट मिस्त्रीचं गॅरेज. भर दुपारी तिथल्या फरशीवर वाळूचा रिकामा टिपर उभा होता आणि त्याच्या पलीकडच्या अंगाला, पुढच्या चाकाशी, ड्रायव्हर मारुतराव पडले होते. पन्नाशी उलटलेला, खुटबावचा माणूस. मालक सत्यजीतनं चाकं खोलायच्या लोखंडी टॉमीचा दुसरा घाव त्यांच्या गुडघ्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज अंजनानं ऐकला. अंजना म्हणजे पोपटची बायको.

“तुम्ही मला वडलांच्या जागी, मारुतराव,” सत्यजीत म्हणाला. “म्हणून इचारतो. वाळू पकडणाऱ्या तहसीलच्या पथकाची जीप मागं लागली आन् तुम्ही पन्नासच्या वर गेलाच न्हाई. कुणाच्या सांगण्यावरून?”

“गाडी पळतच न्हवती, मालक. ॲक्सिलेटरवरचा पाय पार फळीला टेकला व्हता.”

“जप्त होऊन आठ दिवस तहसीलात उभी व्हती माझी गाडी. नवीन टायर, नवीन क्राऊन. पळत कशी न्हाई?”

नदीच्या वाळूत रुतू नये म्हणून सत्यजीतनं गाडीला मोठे टायर घातले होते. टायर वाढले की मागच्या आसात कोणतं क्राऊन-पिनियन, म्हणजे दातेरी चाकांची जोडी, ठेवायचं ते ठरवावं लागतं. सात-एक्केचाळीस दातांचं ठेवलं तर गाडी पळते. सहा-एक्केचाळीसचं बसवलं तर ओढते, पण पळत नाही. सत्यजीतनं पळणारं मागितलं होतं.

“मिस्त्री, सात-एक्केचाळीसच टाकलंय ना?”

पोपट फडक्याला हात पुसत राहिला.

“तेच टाकलंय, दादा,” अंजना म्हणाली. “दात मीच डिझेलमधी धुतल्यात.”

“मग मोजूनच बघू. सात निघालं तर मारुतराव इथनं उठत न्हाईत. सहा निघालं तर...” त्यानं पोपटकडं बघत टॉमी दुसऱ्या हातात घेतली.

पोपट गाडीखाली शिरला. मागच्या टायरवर, जिथं तो फरशीला टेकतो तिथं, खडूची रेघ ओढली. इंजिनाकडून मागच्या आसाला फिरवणाऱ्या मधल्या दांड्यावर दुसरी. चाकाचा एक फेरा होईस्तोवर दांडा सहाच्या आत फिरला तर सात-एक्केचाळीस. सातला भिडला तर सहा. अंजना चाकापाशी रेघेवर नजर ठेवून उभी राहिली. सत्यजीतच्या दोघा माणसांनी पुढच्या चाकाखालचा लाकडी ठोकळा काढून मारुतरावांच्या अंगावर फेकला आणि गाडीला मागून खांदा लावला.

गाडी हलली. पोपट पाठीवर, कोपरांनी सरकत दांडा मोजू लागला. सत्यजीत वाकून त्याच्याबरोबर मोजत होता.

“तीन. चार. पाच.”

मारुतराव डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होते. देवाचं नाव असावं.

“साडेपाच. पावणेसहा. जरा वर...”

“झाला फेरा!” अंजना ओरडली. “थांबा, रेघ आली खाली.”

गाडी थांबली. सत्यजीत उठला. “सहाच्या आत. म्हंजी सातच हाय.” तो टॉमी घेऊन पलीकडं निघाला.

पोपटला गाडीखालून बायकोची पावलं दिसत होती. ती टायरला चिकटून उभी होती, लुगड्याआड टायर झाकून. आणि पलीकडून मारुतरावांचा वाकडा पाय दिसत होता.

“शेठ,” पोपट म्हणाला. “फेरा झाला न्हाई अजून. अंजना, बाजूला सर.”

ती हलली नाही.

“सर गं.”

ती सरकली. रेघ फरशीपासून चांगली वीतभर वर होती.

“ढकला,” सत्यजीत म्हणाला.

“सहा,” खालून आवाज आला. “सव्वासहा. साडेसहा. पावणेसात, जरा वर.” रेघ फरशीला टेकली.

“का?” सत्यजीतनं हळूच विचारलं.

“एवढ्या टायरावर सात टाकलं असतं, तर भरली गाडी नदीच्या चढाला मागं आली असती. मागं बाया धुणं धुत्यात. तुम्हाला पळायचं व्हतं, शेठ. मारुतरावांना चढायचं असतं.”

पोपट मागच्या चाकापुढून बाहेर येऊ लागला. उठण्यासाठी त्यानं उजवा हात फरशीवर टेकला, तसा सत्यजीतनं त्याच्या मनगटावर बूट ठेवला.

“अजून एक फेरा ढकला.”

माणसं थबकली.

“ढकला म्हणतोय ना.”

अंजना धावली. टॉमीचं टोक तिच्या बरगडीत बसलं आणि ती खाली कोसळली. चाक हललं. पहिल्यांदा करंगळी गेली, मग तिच्या शेजारचं बोट. पोपटची किंकाळी हायवेच्या हॉर्नमध्ये मिसळून गेली. टायरवरची रेघ वर निघाली, तेव्हा ती पांढरी राहिली नव्हती.

आणि गाडी अडली. माणसांनी जोर लावला, तरी जागची हलेना.

गाडी पुढं सरकल्यामुळं पलीकडचं मागचं चाक आता मारुतरावांपाशी आलं होतं. मोडक्या गुडघ्यावर फरपटत त्यांनी तो लाकडी ठोकळा चाकाखाली सारला होता आणि स्वतः त्याच्यावर आडवे पडले होते.

“त्या दिवशी म्या न्हवती थांबवली, मालक,” ते म्हणाले. “आज थांबवली.”

गोष्ट एवढीच. भरलेली गाडी मागं न सरता चढ चढून गेलेली कधी दिसली, तर घटकाभर पोपट मिस्त्रीला आठवा. अजूनही तो प्रत्येक गाडी सोडताना हात जोडतो. बोटं तेवढी आठच असतात.