लोशनशिवाय आत जायचं नाही

दुकान उघडायच्या आधीच डिम्पनाने काच ठोठावली. आत मॅजेला उभी होती. अंगात सैल हिरवा झगा, आणि दोन्ही हात अंगापासून लांब धरलेले, पाणकावळा पंख वाळवत बसतो तसे. तिने कोपरानेच कडी काढली.

‘काय गं, इतक्या सकाळी? गर्दी व्हायच्या आत सावळी होऊन घ्यायचंय वाटतं!’

बॅलिमोरनमध्ये सूर्य पाहुण्यासारखा यायचा आणि चहा उकळायच्या आत निघायचा. म्हणून गावातल्या बायका मॅजेलाच्या दुकानात उन्हासारखे किरण सोडणाऱ्या निळ्या नळ्यांच्या सनबेडमध्ये झोपत, आणि लग्न असो, बाप्तिस्मा असो की दफन, सगळीकडे खरपूस होऊन जात. डिम्पना तर तिची शाळेपासूनची मैत्रीण. कोपऱ्यातला सनबेड तिचाच. झाकण मिटण्याआधी मॅजेला स्वतःच्या हाताने तिच्या पाठीला नारळाच्या वासाचं लोशन चोळायची. ‘लोशनशिवाय आत जायचं नाही,’ हा दुकानाचा नियम होता. चर्चमध्ये शिरताना कपाळाला पवित्र पाणी लावतात, तसंच काहीसं ते असावं, अशी डिम्पनाची समजूत होती.

‘आधी बस,’ डिम्पना म्हणाली.

‘आत्ता नाही बसता यायचं. बोल तू.’

वाक्यं डिम्पनाने वाटेत जुळवून ठेवली होती. ‘खांद्यावरचा तीळ काढला ना माझा, तो वाईट निघाला. वेळेत काढला म्हणतात. पण आजूबाजूचं अजून कापायचंय.’

‘येशू, मारिया, योसेफा!’ मॅजेलाचे हात आणखी फाकले. ‘अगं, पण लोशन तर मी स्वतः लावायचे!’

‘तेच सांगितलं मी डॉक्टरीणबाईंना. त्या म्हणाल्या, लोशनने कातडी ओलसर राहते, म्हणून रंग लवकर चढतो आणि टिकतो. बाटलीतूनच जो तपकिरीपणा येतो, तो नुसता वरचा रंग, चार आंघोळींत जातो. किरण अडवायला त्यात काही म्हणजे काही नाही. मी म्हटलं, मग सांभाळून वापरायचं तरी कसं? तर म्हणाल्या, बाटलीतलं हवं तर लावा, पण झोपा आपल्या घरच्या पलंगावर. आणि म्हणे हे सगळं बाटलीवरच लिहिलेलं असतं.’

‘बारीक अक्षरात असतं,’ मॅजेला म्हणाली.

हे वाक्य डिम्पनाच्या कानावरून गेलं. तिला पुढचं सांगायची घाई होती.

‘माझं राहू दे गं. तू! मी आपली अधूनमधून यायचे, तू तर बारा महिने अशी बदामी. तुझ्या अंगात काय काय शिजत असेल! आजच दाखवून ये. मी येते सोबत. खरं सांगू, त्या कापायचं बोलत होत्या ना, तेव्हासुद्धा माझ्या डोळ्यांपुढे तूच...’ दोन्ही हात पसरून ती मैत्रिणीला मिठी मारायला पुढे झाली.

मॅजेला झटकन मागे सरली.

‘अगं, अगं, थांब! अजून ओली आहे मी!’

डिम्पनाचे हात तसेच हवेत राहिले.

‘आत्ताच रंग फवारलाय. वाळेपर्यंत डाग पडतात. तुझा कोट गेला असता.’ मग तिचा चेहरा पाहून मॅजेला मायेने म्हणाली, ‘रडू नकोस, वेडे. मला काही होणार नाही. मी कधी झोपलेच नाहीये त्यात.’

‘कधीच नाही?’

‘छे गं. माझी कातडी फार नाजूक.’

डिम्पनाची कातडीही त्याच गावची होती.

मैत्रीण वाचावी म्हणून ती आली होती. मैत्रीण आधीपासूनच वाचलेली होती. खरं तर आनंद व्हायला हवा होता.

दारावरची घंटी वाजली. पोस्टमनची क्लिओना आत आली, छत्री झटकत. शनिवारी तिचं लग्न होतं.

‘या, या, नवरीबाई!’ मॅजेलाचा आवाज पुन्हा दुकानाचा झाला. ‘लोशन फळीवर आहे बघ. आज माझे हात अडकलेत, पाठीला डिम्पना चोळेल. लोशनशिवाय आत जायचं नाही!’ आणि डिम्पनाकडे पाहत तिने पापणी किंचित खाली केली, आपल्यातलं आपल्यात राहू दे अशी.

क्लिओनाने बाटली डिम्पनाच्या हातात दिली, स्वेटर काढला आणि पाठ फिरवली. गोरीपान पाठ. एक डाग नव्हता तिच्यावर.

‘मला अगदी मॅजेलासारखा रंग हवाय हं,’ ती म्हणाली. ‘शनिवारपर्यंत येईल ना हो?’

डिम्पनाने उघडलेलं झाकण पुन्हा घट्ट लावलं.

‘तिच्यासारखा ना? आजच येईल,’ ती म्हणाली. ‘जा, हात लावून बघ तिला. अजून ओली आहे.’