मुळात एक पाऊल

“माणूस इतकं ऐकायला लागलं की त्याला जपावं गं बाई,” शेजारच्या निवृत्त नर्सकाकू म्हणाल्या होत्या. तिने ते हसण्यावारी नेलं. “ऐकत नाहीत म्हणून लोक रडतात, काकू, आणि तुमचं आपलं भलतंच!”

तिचे वडील इंग्रजीचे मास्तर. चाळीस वर्षं शिकवलं, आता लेकीचं नावही धड आठवेना. शब्द मात्र शाबूत. दोनदा चहासाठी गॅस सुरू केला आणि पेटवायचाच विसरले, तेव्हा तिने त्यांच्या खोलीच्या उंबऱ्याशी लाल पट्टी चिकटवली.

“बाबा, मी घरात नसताना ही ओलांडायची नाही. काहीही झालं तरी. माझी शपथ आहे.”

“म्हणजे ट्रान्सग्रेस करायचं नाही.” बाबांचे डोळे चमकले. “ट्रान्स म्हणजे पलीकडे. ग्रेस म्हणजे पाऊल टाकणं. दोन्ही लॅटिन. नियम मोडणं, पाप, हे सगळं त्याला नंतर चिकटलं. मुळात नुसतं एक पाऊल.”

चार वर्षांच्या नातीला खेळच मिळाला. पट्टीवरून उडी मारायची आणि ओरडायचं, “आजोबा, ट्रान्सग्रेस!”

“गुन्हेगार कुठली!” आजोबा हसायचे. त्यांचा अंगठासुद्धा कधी पट्टीपलीकडे गेला नाही.

तरी तिचा जीव थाऱ्यावर नसे. मुलीला बालवाडीतून आणायला वीस मिनिटं लागत. निघताना ती गॅस तीनदा बघायची, परतताना जिना धावत चढायची. आज ओलांडली तर नसेल?

त्या दुपारी जिन्यातच जळका वास आला. बाबांच्या खोलीतल्या टीव्हीची वायर पेटली होती. आग एवढीशी, पण धूर फार. आग विझवायला आलेल्या जवानांनी बाबांना चादरीखाली झाकून खाली नेलं.

“खोलीचं दार सताड उघडं होतं,” अग्निशमन दलाचा माणूस म्हणाला. “बाहेरच्या खोलीच्या खिडकीशी आले असते तरी वाचले असते. चालता येत नव्हतं का त्यांना?”

ती खोलीपाशी गेली. उंबऱ्याशी पट्टी काजळून गेली होती. आतल्या बाजूला बाबांच्या सपाता. नीट जोडलेल्या, टोकं पट्टीला टेकलेली.

मुलीने तिचा हात ओढला. “आई, आजोबांनी ट्रान्सग्रेस का नाही केलं?”

तुमच्या घरात तुमचं सगळं ऐकणारं कुणी असेल, तर हे वाचणं राहू द्या. आधी त्यांना बघून या.