चाळीसपैकी सदतीस

चाळीसपैकी सदतीस. टीम लीडर ऋतिकाने आकड्याभोवती लाल गोल काढला आणि कागद टेबलावर ठेवला. मग तिने यज्ञेश्वर सरांकडे पाहिलं, मैनाबाईंकडे पाहिलं आणि पुन्हा सरांकडे.

मैनाबाई हिंजवडीच्या त्या ऑफिसात चहा द्यायच्या. जीवशास्त्राशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता, आणि नेमका म्हणूनच आला होता. अमेरिकेतल्या कॉलेजांच्या पहिल्या वर्षासाठी बायॉलॉजीचे प्रश्न इथे तयार होत. प्रश्नाला पर्याय चार, त्यातला एक बरोबर. प्रत्येक संच रवाना करण्याआधी विषयातलं ओ की ठो न कळणाऱ्या माणसाकडून सोडवून घ्यायचा, असा कंपनीचा दंडक होता. अशा माणसाला अंदाजपंचे दहा-अकरा मार्क पडावेत. जास्त पडले तर प्रश्नांत खोट आहे. मैनाबाईंना इंग्रजीचं एक अक्षर ओळखता येत नव्हतं, त्यामुळे या कामाला त्यांच्याइतकं लायक माणूस इमारतीत दुसरं नव्हतं. दोन वर्षांत त्या कधी बाराच्या वर गेल्या नव्हत्या.

सरांचा हा पहिलाच संच होता.

"पेपर लीक झालाय, सर," ऋतिका म्हणाली. "संध्याकाळी मला रिपोर्ट द्यायचाय. तुमच्याकडून गेला असेल तर नोकरीत तुमचं कन्फर्मेशन नाही. मावशींनी घेतला असेल तर त्यांचं गेटचं कार्ड जमा, काम बंद. आय ॲम सॉरी."

सर निवृत्त प्राध्यापक. बत्तीस वर्षं विद्यापीठाचे पेपर काढले. पेपर काढताना बायकोलाही खोलीत येऊ देत नसत. एका वर्षी तर निकाल लागून गेल्यावरही तिला विषय कळला नव्हता. तेव्हा आपल्याकडून फुटणं अशक्य. राहिल्या मैनाबाई. सर मनात जुळवू लागले. बाई दिवसातून तीनदा चहा आणते. टेबल पुसते. कचऱ्याची टोपली नेते. आणि मंगळवारी बराच वेळ पाठीशी उभी राहून तिने पडद्यावरच्या अमीबाकडे बोट दाखवलं होतं आणि हा किडा आहे का, असं विचारलं होतं. सरांनी दहा मिनिटं समजावून सांगितलं होतं. आता त्या दहा मिनिटांनी त्यांना घाम फुटला.

"मायटोकॉन्ड्रिया कुठे असतात?" त्यांनी एकदम विचारलं.

मैनाबाईंनी विचार केला. "फेज टूला आसतील. तिकडं नव्या कंपन्या लई आल्यात."

एवढं निर्मळ अज्ञान सरांना फारच संशयास्पद वाटलं. त्यांनी कोरा कागद मागितला, भिंतीला पाठ लावली, शाळकरी पोरासारखा डाव्या हाताचा आडोसा केला आणि दहा ताजे प्रश्न लिहिले. शेवटचा कागदाच्या तळाशी कसाबसा कोंबला. मैनाबाईंनी पेन घेतलं आणि चहा गाळायला लागेल एवढ्या वेळात दहा खुणा करून दिल्या.

नऊ बरोबर. कोंबलेला तेवढा चुकला होता.

सरांनी खिडकीच्या काचेत प्रतिबिंब पडतं का ते पाहिलं. चहाचा ट्रे उलटा करून पाहिला. क्षणभर त्यांना ऋतिकाचाही संशय आला, आणि मग स्वतःचा.

"बाई, खरं सांगा. तुम्हाला उत्तर कळतं कसं?"

"त्यात काय कळायचं हाय?" मैनाबाईंनी कागदावर बोट ठेवलं. "चार वळी. तीन बुटक्या, येक लांब. लांबडीवर खूण केली."

ऋतिका कागदावर वाकली. खरंच होतं. सरांचं बरोबर उत्तर 'जनरली'ने सुरू व्हायचं आणि 'विथ सम एक्सेप्शन्स'ला टेकायचं. दोन-दोन ओळी. चुकीची उत्तरं पाच-सहा शब्दांत आटोपलेली. तळाशी जागाच नव्हती, म्हणून तिथे चारही सारखीच.

"मग बाकीच्यांच्या संचात का नाही जमलं तुम्हाला?" सरांनी विचारलं.

"त्या पोरांच्या चारी वळी सारख्याच आसत्यात." मैनाबाईंनी कागद सरांपुढे सरकवला. "तुमास्नी खोटं लांब लिवता येत न्हाय, सर."

ऋतिकाने लाल गोल खोडला. लीक नाही, कुणाचं कार्ड जमा नाही. पण हा संच असा पाठवता यायचा नाही, असं तिने सांगितलं. सरांनी कंपनीची संध्याकाळची बस सुटायच्या आत सगळे चुकीचे पर्याय वाढवायचे, बरोबर उत्तराइतके आणि तितकेच पटतील असे. मग मावशी पुन्हा सोडवतील. बाराच्या आत राहिल्या तर सर राहिले.

सर कॉम्प्युटरसमोर बसले. 'वनस्पती फक्त रात्री अन्न तयार करतात.' या अर्थाच्या इंग्रजी ओळीपुढे काय जोडावं? बरंच डोकं खाजवून त्यांनी 'असा एक गैरसमज आहे' असं जोडलं, वाचलं आणि पुसून टाकलं. साडेतीन वाजले. मग चार. चाळीसातला पहिला प्रश्नही हलला नव्हता, आणि ओढून ओढून सरांचा कान लाल झाला होता.

मैनाबाई चहा घेऊन आल्या. कप ठेवून त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग खिडकीतून खाली. तिथे कंपनीच्या बसगाड्या एका रांगेत लागल्या होत्या.

"त्या गाड्या हायत ना, तितं आमची भातखाचरं व्हती," त्या म्हणाल्या. मग ट्रे भिंतीला टेकवून त्यांनी शेजारची खुर्ची ओढून घेतली. "लिवा, मी सांगते. जमीन मागाया आल्याली मान्सं ओट्यावर बसून समदी दुपार लांब लांब बोलत व्हती. मला अजून पाठ हाय."